झेलियाचा अंगठा

झेलिया हे नाव मराठीत सांगताना हसू येतं, कारण जन्मभर तिने झेलण्याशिवाय दुसरं काही केलंच नाही. ला ग्वामाच्या डोंगरात दोन पायांवर चालणारं जे कुणी आहे, ते सगळ्यात आधी तिच्या हातात पडलेलं आहे.

ला ग्वामा म्हणजे चाळीस घरं. दोमिनिकन लोकांची रस्त्याकडेला, रंग दिलेली. हैतीवाल्यांची खाली ओढ्याकडेला, पत्र्याची. भोवती सगळी कॉफी. हैतीची सरहद्द दोन दिवसांच्या चालीवर. पंधराव्या वर्षी झेलिया ती चाल चालून आली, बापाच्या मागे, कॉफी तोडायला. बाप इथेच मेला आणि ती इथेच राहिली. त्याला आता अठ्ठावन्न वर्षं झाली.

जीभ तिखट. कळा सोसणारी बाई फार किंचाळायला लागली की ती म्हणायची, "ओरडायचं होतं तर नऊ महिन्यांपूर्वी ओरडायचं होतंस, तेव्हा कुठे गेला होता हा आवाज?" बाई हसायची आणि त्या हसण्यात मूल बाहेर यायचं. पत्र्याचं घर असो की रंगाचं, तिची बोलणी सगळ्यांना सारखीच मिळत.

या बेटावर मोठं माणूस दिसलं की लहानाने आधी "आशीर्वाद" म्हणायचं आणि मोठ्याने "देव तुझं भलं करो" असं उत्तर द्यायचं. झेलियाला सगळा डोंगरच लहान. ती रस्त्याने निघाली की दोन्ही बाजूंनी "आशीर्वाद, आजी" सुरू व्हायचं आणि ती देत देत जायची. दारुड्यालाही द्यायची, चोरालाही द्यायची. मागितलेला आशीर्वाद न देणं म्हणजे त्या माणसाला मेल्यात जमा करणं, आणि तेवढा राग तिला कधी कुणाचा आला नव्हता.

मूल झालं की आठवडाभरात नाळेचा सुकलेला तुकडा गळतो. तो झेलिया स्वतः घेऊन जायची, बापाने आणलेल्या रोपाच्या खड्ड्यात पुरायची, वर रोप लावायची. ते झाड त्या मुलाचं. कुणाचं संत्र्याचं, कुणाचं आंब्याचं. त्या झाडावर घाव घातला तर माणसाला बाधतो असं सगळा डोंगर मानतो. फादरही मानतो, फक्त बोलून दाखवत नाही.

आता ट्रकचं सांगायला हवं. दरवर्षी पलीकडच्या माणसांना धरून नेणारा, मागे जाळी ठोकलेला सरकारी ट्रक डोंगरावर येतो. ऑक्टोबरात कॉफी लाल होते, तेव्हा त्याला रस्ता सापडत नाही. डिसेंबरात डोंगर कॉफी तोडणाऱ्यांनी भरलेला असतो, तेव्हाही सापडत नाही. फेब्रुवारीत शेवटचं पोतं उतरून खाली शहरात गेलं, की त्याच आठवड्यात अगदी अचूक सापडतो. तोवर रेडिओवरचा माणूस सांगायला लागलेला असतो, की हैतीवाल्यांनी आपला देश खाल्ला. "खाल्ला म्हणे!" झेलिया रेडिओला म्हणायची. "अठ्ठावन्न वर्षं तूरदाण्याचा भात खातेय मी. देश कुणाच्या ताटात गेला ते शहरात जाऊन बघ!"

यंदा तर कहर होता. पलीकडे माणसं घरंदारं सोडून जीव घेऊन पळत होती आणि अलीकडे ट्रक दुपटीने फिरत होते. झेलियाचा जीव योलेनसाठी टांगणीला लागला होता.

योलेन तिची सख्खी कुणी नव्हे. आई तापाने गेली तेव्हा योलेन चार वर्षांची होती. बाप त्याआधीच कामाच्या शोधात गेला तो गेलाच. झेलियाने तिला उचलून आणलं आणि वाढवलं. आता ती एकतीस वर्षांची, दोन पोरांची आई. पलीकडे तिने कधी पाऊल टाकलेलं नाही. पलीकडची क्रेओल भाषा तिला फक्त शिव्या देण्यापुरती येते. पण तिच्याजवळ जन्माचा कागद नव्हता. तिच्या वेळी कारकुनाने "त्यांच्या पोरांना कागद कशाला?" म्हणून आईला हाकलून दिलं होतं. कागद नाही म्हणून चौथीनंतर शाळा सुटली, आणि आईला कागद नाही म्हणून पोरांनाही नाही. आणि ज्याला कागद नाही तो पलीकडचा.

यंदा कचेरीने एक फट ठेवली होती. सुईणीच्या साक्षीवर गावप्रमुखाने दाखला दिला, की हिचा जन्म इथलाच, तर ईस्टरपर्यंत नोंद करून मिळणार होती. सुईण घरातच होती. राहिला गावप्रमुख.

गावप्रमुख फाउस्तो. बापाच्या मागे शिक्का त्याच्याकडे आलेला, थोडी कॉफी, रस्त्याकडेला निळं घर. वय एकतीस. योलेनचा आणि त्याचा जन्म एकाच दिवसाचा. तोही अर्थातच झेलियाच्या हातचा.

पहिल्यांदा झेलिया गेली तेव्हा तो म्हणाला, "आशीर्वाद, आजी. शिक्क्याची शाई वाळलीय हो." ती दुकानातून शाई घेऊन आली. तोवर घराला कुलूप.

दुसऱ्यांदा तो म्हणाला, "आई आजारी आहे, आज नको." त्याची आई तोमासिनाबाई मागच्या अंगणात उखळात कॉफी कुटत होती आणि वर मोठ्याने गात होती. दारात फाउस्तोची बायको उभी होती. झेलियाने तिच्या डोळ्यांखाली एकदा बघितलं आणि मनात म्हणाली, हिला दिवस गेलेत, हिला अजून पत्ता नाही. नंतर सांगू, आधी आपलं काम. निघताना तिच्या लक्षात आलं, की या खेपेला फाउस्तो "आशीर्वाद" म्हणाला नव्हता.

तिसऱ्यांदा ती योलेनलाच सोबत घेऊन गेली. दार सताड उघडं, टेबलावर शिक्का, शिक्क्याखाली एक कागद आणि मागच्या दाराने निसटणारी फाउस्तोची पाठ.

"थांब रे!" झेलिया ओरडली. "योलेन, काय लिहिलंय त्यात?"

योलेनने कागद उचलला. चौथीपर्यंतची शाळा या कामाला पुरली. "यादी आहे, आजी. शुक्रवारच्या ट्रकची." मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "सातवं नाव माझं. योलेन, वय एकतीस, जन्म पलीकडचा. खाली माझी पोरं."

फाउस्तो मागच्या दारातच थबकला होता. "आजी, मी काय करू? वरून हुकूम आहे. वीस नावं पाहिजेत म्हणतात. नवे आलेले सगळे परवाच रानात पळाले. उरलेल्यांतूनच भरावी लागतात ना!"

"भरावी लागतात? पोती आहेत का रे ती?"

"तुमचं नाव नाही घातलं मी," तो घाईने म्हणाला. "तुम्ही आमच्या. तुम्हाला कोण हात लावतंय?"

झेलियाचं डोकं फिरलं ते इथे. उपकार! ज्याला उलटा धरून ढुंगणावर चापट मारून रडवला, तो आता तिला तिच्याच डोंगरावर राहायची परवानगी देत होता.

"तुझा जन्माचा कागद आण," ती म्हणाली.

"कशाला?"

"आण म्हणते ना. नको, राहू दे, मीच सांगते. खाली अंगठा कुणाचा आहे त्यावर?"

"तुमचा."

"मी म्हणाले हा इथे जन्मला, म्हणून तू इथला. त्याच दिवशी ही जन्मली. तेच हात, तेच तोंड. तुझ्या वेळी माझा अंगठा खरा आणि हिच्या वेळी खोटा?"

"आजी, तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"वेगळी कशी? तेव्हा तू नागडा होतास, एवढंच वेगळं!"

फाउस्तोने फक्त हात पुढे करून यादी योलेनच्या हातातून काढून घेतली, घडी केली आणि खिशात घातली. झेलियाने दाराला टेकवलेला कोयता उचलला.

तो बिचारा दोन पावलं मागे सरला, पण ती त्याच्याकडे वळलीच नाही. ती अंगणात गेली. मधोमध फाउस्तोचं झाड होतं, अवोकाडोचं, घरापेक्षा उंच. बाप जिवंत असताना पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचा. झेलियाने दोन्ही हातांनी कोयता उगारला आणि बुंध्यावर घातला. सालीचा ढलपा उडाला, आतलं पांढरं दिसलं. फाउस्तोचा हात आपोआप बेंबीवर गेला.

"अगं बया! हैतीणीला वेड लागलं!" तोमासिनाबाई मुसळ टाकून धावत आली. "खबरदार! माझ्या लेकाचं झाड आहे ते! त्याची नाळ तूच पुरलीस ना इथे, माझ्या डोळ्यांदेखत?"

"एक नाही पुरली," झेलिया म्हणाली. "दोन पुरल्या."

एकतीस वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट अशी भरदुपारी, कोयता हातात असताना बाहेर आली. चूक तिचीच होती आणि ती तिने कधी स्वतःलाही माफ केली नव्हती. फाउस्तो आणि योलेन एकाच दिवशी जन्मले, एकाच दिवशी दोघांच्या नाळा गळल्या. तिने दोन्ही केळीच्या पानात वेगवेगळ्या गुंडाळल्या आणि एप्रनच्या एकाच खिशात टाकल्या. ओढा उतरून वर येईस्तोवर पुड्या सुटल्या. खिशात हात घातला तर दोन काळपट सुके तुकडे, एकासारखा एक. कुठला कुणाचा, देवालाही सांगता आलं नसतं. असं तिच्या हातून पहिल्यांदाच झालं होतं. ती तिथेच रस्त्यात बसून रडली. मग तिने ठरवलं, एकाचं चुकवण्यापेक्षा दोघांचं एकत्र करावं. फाउस्तोच्या बापाने खणलेल्या खड्ड्यात तिने मूठ उघडली, मुठीत दोन तुकडे होते. बघणाऱ्यांना ती मूठच दिसली.

तोमासिनाबाईने छातीवर क्रूस काढला. "यातली माझ्या लेकाची कुठली?"

"ते कळलं असतं तर एकत्र पुरल्या असत्या का, बाई?"

"माझ्या अंगणात! त्या ओढ्याकाठच्या पोरीची!" तोमासिनाबाईचा चेहरा लाल झाला. याच अंगणात तिने नऊ वर्षांच्या योलेनला पेरूच्या ओल्या फोकाने झोडलं होतं. पोरीने खाली पडलेला एक अवोकाडो उचलला होता. "आपल्या देशात जाऊन खा," असं तेव्हा ती म्हणाली होती. योलेनच्या पोटरीवर तो वळ अजून आहे. योलेनने आता सगळ्यांच्या पायांवरून नजर काढून पहिल्यांदाच त्या झाडाकडे वर बघितलं.

"तुझा मुलगा लिहितो की ही पलीकडची," झेलिया म्हणाली. तिला धाप लागली होती, पण आवाज खाली येत नव्हता. "मग हे झाडही पलीकडचं. शुक्रवारी ही ट्रकमध्ये चढली की मी हे पाडणार. तुझ्या लेकाचा वाटा राखून फक्त हिचा तोडला असता, पण त्र्याहत्तर वर्षांच्या हाताला तेवढी कारागिरी जमत नाही, तोमासिना." आणि तिने कोयता पुन्हा उगारला.

"बघतोस काय नंदीबैलासारखा?" तोमासिनाबाई लेकाच्या अंगावर ओरडली. "दे तिला काय पाहिजे ते लिहून!"

"आई, वरून..."

"वरचे आले की बघू! झाडाला दुसरा घाव बसला तर तुला कोण वाचवणार, वरचे? लिही!"

असा तो दाखला मिळाला. न्याय म्हणून नाही, योलेनचा हक्क म्हणून तर नाहीच नाही. एका बाईला झाडाची भीती वाटली म्हणून. झेलियाला याचा आनंद झाला नाही, उलट जास्तच संताप आला. माणसाला घाबरत नाहीत, माणसाची लाज धरत नाहीत आणि बुंध्याला बघून चळचळा कापतात!

फाउस्तो टेबलाशी बसून लिहू लागला. मुलीचं नाव. आईचं नाव. जन्माचं ठिकाण, ला ग्वामा. सुईणीचं नाव. पुढच्या ओळीवर त्याचं पेन थांबलं.

"सुईणीचा जन्म कुठला, असं विचारलंय इथे. मी इथलाच लिहितो."

"नको."

"आजी, ऐका माझं. तुमचं नाव कुठल्याच यादीत नाही. हे एकदा कागदावर आलं, की मग माझ्या हातात काही राहत नाही."

योलेननेही तिचा दंड धरला. "लिहू दे त्याला, आजी. कोण बघायला येतंय?"

झेलियाने तिचा हात सोडवला. "माझी नाळ पलीकडे आहे, त्योत गावात, आईच्या दारातल्या नीरफणसाखाली. झाड आहे की गेलं ते ठाऊक नाही, पण नाळ तिथेच आहे. नाळेच्या बाबतीत मी गप्प राहिले असेन, खोटं कधी बोलले नाही. आज माझ्या नाळेचं खोटं लिहिलं, तर हिच्या नाळेचं खरं कोण मानेल? लिही, पलीकडची."

त्याने लिहिलं. वाळलीय म्हणून त्याने सांगितलं होतं, त्याच शाईत तिने अंगठा बुडवला आणि असा दाबला, की कागदाच्या पाठीवर उमटला.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास ट्रक आला. सगळं गाव रस्त्यावर जमलं होतं. अधिकारी तरुण होता, शहरातला, डोंगर चढून घामाघूम झालेला. फाउस्तोच्या यादीतली तीन नावं खोडलेली बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "ही का खोडली?"

योलेनने प्लॅस्टिकच्या पिशवीतून दाखला काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. त्याने तो वाचला, उलटा केला, शिक्का उजेडात धरून बघितला. "जन्म इथला. ठीक आहे. जा, नोंद करून घे." पोरांना पोटाशी धरून योलेन मागे सरली.

पण तो अजून वाचतच होता. "सुईण झेलिया, जन्म पलीकडचा. ही यादीत का नाही? कागद आहेत का हिचे?"

रस्त्यावर उभ्या असलेल्यांपैकी निम्मी माणसं तिने झेललेली होती, आणि त्या सगळ्यांचं एकाच वेळी काहीतरी जमिनीवर पडलं होतं. जो तो खाली बघून शोधत होता. फाउस्तो आपल्या बुटांकडे बघत होता. एक जण जरी म्हणाला असता, की आम्ही हिला ओळखतो, ही गेली की आमच्या बायकांनी काय करायचं! एक जण.

"कुठे आहे ती?" अधिकारी ओरडला.

"ही काय इथे आहे. ओरडू नकोस, कान शाबूत आहेत माझे." झेलिया गर्दीतून पुढे आली. सकाळीच तिने चांगला झगा घातला होता, डोक्याला धुतलेलं फडकं बांधलं होतं. तेव्हा योलेनला कळलं, की हे तिला दाखला लिहिला त्या दिवसापासून ठाऊक होतं.

"मी फाडून टाकते हा कागद!" योलेन किंचाळली. "मला नको! तुझ्या बदल्यात नको!"

"फाडून तर बघ. तिथून चालत येऊन थोबाड फोडीन. रस्ता पाठ आहे माझा." मग तिने पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि योलेनकडे न बघता ट्रककडे निघाली. बघितलं असतं तर तिचा पाय निघाला नसता.

अधिकाऱ्याने एक छापील कागद आणि शाई पुढे केली. "अंगठा दे इथे. आपल्या मर्जीने जातेय म्हणून."

झेलियाने मूठ आवळली. "हा अंगठा माणूस आलं म्हणून उठवतात. माणूस हाकललं म्हणून नाही."

त्याने खांदे उडवले आणि अंगठ्याच्या जागी स्वतःच रेघ मारली. दोन शिपायांनी तिला वर चढवलं. जाळी लागली. इंजिन सुरू झालं तेव्हा फाउस्तो गर्दीतून पुढे आला आणि जाळीला हात लावून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं.

"आशीर्वाद, आजी," तो म्हणाला.

सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं. अठ्ठावन्न वर्षांत तिने ते उत्तर कधी चुकवलं नव्हतं. तिने त्याच्याकडे नीट बघितलं, मग तोंड फिरवलं आणि समोरच्या पत्र्याकडे बघत बसून राहिली. ट्रक वळणाआड गेला तरी फाउस्तो उत्तराची वाट बघत तिथेच उभा होता.

घाव बसूनही त्या ऑगस्टमध्ये झाड फळांनी लगडून आलं. योलेनच्या हातात तोवर नोंदीचा कागद आला होता, पोरांचाही. झेलिया त्योतजवळ एका शाळेच्या पडवीत राहत होती, एवढाच निरोप कुणाकडून तरी आला होता. एका दुपारी योलेन मोठी पाटी घेऊन निळ्या घराच्या अंगणात शिरली, कुणाला न विचारता झाडावर चढली आणि अवोकाडो उतरवायला लागली. तोमासिनाबाई ओट्यावर बसून होती. शेजारी सून, सातव्या महिन्यातली, पाय सुजलेले.

पाटी भरली तशी योलेन खाली उतरली. "अर्धे ठेवलेत तुमचे."

तोमासिनाबाईने झाडाकडे बघितलंही नाही. घसा साफ करून ती म्हणाली, "झेलियाने तुला सुईणीचं काम शिकवलंय ना गं? येतं ना तुला?"

"येतं."

"मग येशील ना? हिची वेळ आली की?"

योलेनने पाटी डोक्यावर घेतली. "ट्रकच्या दिवशी तुम्ही सगळे खाली बघत होतात, बाई. बाळ येईल तेव्हाही तसंच खाली बघा. कुणीतरी झेलायला हवंच ना."

ती ओढ्याकडे उतरून गेली. सुनेने पोटावर हात ठेवला आणि सासूला विचारलं, "येईल का हो ती?" तोमासिनाबाई मान घालून आपल्या पायांकडे बघत होती.